माजी सैनिक, इतिहासात बीए: मास्तर की गडवाटेचा गाईड?

फौजेत असतानाच मुक्त विद्यापीठातून इतिहास घेऊन बीए केलेले हवालदार गावोगाव सापडतात. पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन घरी आल्यावर पुढे काय?

पहिली वाट शाळेची. त्यासाठी 2 वर्षांचं बीएड, मग टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टेट (शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी) आणि पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षक भरतीची सरकारी वेबसाइट. माजी सैनिकांना समांतर आरक्षण (प्रत्येक प्रवर्गातच काही जागा राखीव) आहे, वयाची सूटही मिळते. पण जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही. नोकरी लागली तर मात्र महिन्याचा पगार पक्का.

दुसरी वाट गडांची. 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले 11 महाराष्ट्रात, बारावा तमिळनाडूतला जिंजी. इथे फौजी माणूस उजवा ठरतो. 1672 ची मराठे-मुघलांमधली साल्हेर किल्ल्याची लढाई सनावळ्या पाठ असलेला कुणीही सांगेल. पण रसद कुठून यायची, डोंगराची ही सोंड हातची गेली तर वरच्यांचं काय होतं, हे ज्यानं स्वतः डोंगरात पहारा दिलाय तोच बोट दाखवून सांगतो. शिवाय प्रथमोपचार येतो, दोर बांधता येतो. कमाई मात्र शनिवार-रविवारची, उन्हाळ्यात जवळजवळ नाही. संरक्षित स्मारकांवर परवान्याचे नियमही आधी पाहावेत.

पोरांची शिक्षणं बाकी असतील तर बीएड करा. नाहीतर, पेन्शन चालू असताना, मी तरी गडच निवडेन. गुडघे शाबूत असले म्हणजे झालं!