अध्यक्षीय की संसदीय? मत बनवण्याआधी अमेरिकेची घडण नीट बघा

आघाडीचं सरकार डळमळायला लागलं, आमदार रातोरात हॉटेलांत जाऊन बसले, की कट्ट्यावर कुणीतरी म्हणतंच: "त्यापेक्षा अमेरिकेसारखा थेट अध्यक्ष निवडून द्यावा, पाच वर्षं कटकट नाही." ही मागणी फक्त कट्ट्यावरची नाही. वर्ध्याचे खासदार राहिलेले वसंत साठे यांनी ती १९८० च्या दशकात जाहीरपणे आणि हिरिरीने मांडली होती. तुमचं मत अजून बनत असेल, तर हा आढावा तुमच्यासाठी. माझं मत मी लपवणार नाही, पण आधी दोन्ही पद्धती प्रत्यक्षात कशा चालतात ते बघू.

दोन्हीकडे एकेका मताची गोष्ट आहे. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर मतदान झालं. बाजूने २६९, विरोधात २७०. एका मताने सरकार गेलं. आता १६ मे १८६८ चा वॉशिंग्टन बघा. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला होता. सिनेटमधल्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहातल्या, ३५ जणांनी त्यांना दोषी ठरवलं, १९ जणांनी नाही. म्हणजे सभागृहातलं मोठं बहुमत त्यांच्या विरोधात होतं. तरीही ते खुर्चीवर राहिले, कारण दोन तृतीयांशाला एक मत कमी पडलं.

या दोन आकड्यांत सगळा फरक आहे. आपल्याकडे सरकारला रोज बहुमत दाखवता आलं पाहिजे. अमेरिकेत अध्यक्ष नकोसा झाला, एवढ्यावर त्याला काढता येत नाही. देशद्रोह, लाचखोरी किंवा तशाच गंभीर गुन्ह्याचा आरोप लागतो, प्रतिनिधिगृहाने (तिथल्या कनिष्ठ सभागृहाने) तो ठेवावा लागतो आणि सिनेटने दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरवावं लागतं. जॉन्सन, क्लिंटन आणि दोनदा ट्रम्प, असे चार महाभियोग सिनेटपर्यंत गेले. चारही वेळा सुटका झाली. निक्सन यांनी ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा दिला, पण तो महाभियोग येण्याआधीच. महाभियोगाने पदावरून गेलेला एकही अध्यक्ष तिथे नाही.

ही निवड आपण नकळत केलेली नाही. संविधानाचा मसुदा मांडताना, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, डॉ. आंबेडकरांनी नेमकी हीच तुलना संविधान सभेपुढे ठेवली. लोकशाहीतल्या सरकारकडून दोन गोष्टी हव्यात, स्थैर्य आणि जबाबदारी, आणि दोन्ही सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही, असं त्यांनी सांगितलं. अमेरिकेची पद्धत स्थैर्य जास्त देते, ब्रिटिश पद्धत जबाबदारी. एकीत सरकारची झडती ठरावीक मुदतीने होते, दुसरीत रोज: प्रश्न, स्थगन प्रस्ताव, अविश्वास ठराव यांतून. मसुद्याने रोजच्या झडतीला पसंती दिली. मला ही मांडणी आजही सगळ्यांत स्वच्छ वाटते. कुठली पद्धत चांगली असं न विचारता, कुठल्या गोष्टीची किंमत मोजायला तुम्ही तयार आहात, असं ती विचारते.

पण स्थैर्य म्हणजे ताकद, असं समजू नका. इथेच आपल्याकडचे बहुतेक लोक अमेरिकेला चुकीचं वाचतात.

२८ जुलै २०१७, मध्यरात्र उलटून गेलेली. ओबामांच्या काळातला आरोग्यविमा कायदा मोडीत काढायचं विधेयक सिनेटमध्ये होतं. अध्यक्ष रिपब्लिकन, दोन्ही सभागृहांत बहुमत रिपब्लिकन. ॲरिझोनाचे रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांना नुकताच मेंदूचा कर्करोग झाल्याचं कळलं होतं. ते पुढे आले, हात वर केला आणि अंगठा खाली वळवला. ४९ विरुद्ध ५१, विधेयक पडलं. स्वतःच्याच पक्षाच्या अध्यक्षाचा सर्वांत मोठा कार्यक्रम त्यांनी सगळ्यांसमोर पाडला. त्यांची सिनेटमधली जागा गेली नाही, जाऊ शकतही नव्हती.

आपल्याकडे हे करून बघा. पक्षाने व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेश, काढलेला असताना विरोधात मत दिलं, तर १९८५ मध्ये संविधानात आलेल्या दहाव्या परिशिष्टाखाली (पक्षांतरबंदी) आमदारकी किंवा खासदारकी जाऊ शकते. म्हणून आपल्याकडे ज्याच्याकडे पक्ष आणि बहुमत, त्याचं विधेयक सहसा अडत नाही. बहुमतातला पंतप्रधान कायदे करून घेण्यात अमेरिकी अध्यक्षापेक्षा कितीतरी बलवान असतो. "खंबीर नेता हवा म्हणून अध्यक्षीय पद्धत हवी" म्हणणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे ताडून बघावं.

पैशाचंही तसंच. तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे आहे. (काँग्रेस म्हणजे तिथली संसद.) मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी पैसे द्यायचे की नाही यावरून डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ असे ३५ दिवस सरकारचा काही भाग बंद राहिला. सुमारे आठ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांचे पगार थांबले. त्यांच्यातले कित्येक जण, उदाहरणार्थ विमानतळावरचे सुरक्षा तपासनीस, बिनपगारी कामावर जात होते. आपल्याकडे अर्थसंकल्प लोकसभेत पडला तर सरकार जातं, दुसरं येतं किंवा निवडणूक लागते. कोंडी फुटायला वाट असते. तिथे ती वाटच नाही. प्रतिनिधिगृह कुणी बरखास्त करू शकत नाही, निवडणूक ठरल्या नोव्हेंबरातच होते. १८६४ साली, ऐन यादवी युद्धातही, ती वेळेवर झाली. हा त्या पद्धतीचा मोठेपणा आहे आणि अडचणही.

न्यायालयाचा बडगा दोन्हीकडे आहे. १९५२ मध्ये कोरियातल्या युद्धाचं कारण देऊन ट्रुमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते रद्द ठरवलं. तिथले न्यायाधीश तहहयात, आपले ६५ व्या वर्षी निवृत्त. इथे मला आपली पद्धत बरी वाटते.

मंत्र्यांच्या बाबतीत मात्र मी अमेरिकेला झुकतं माप देईन. तिथे मंत्री एकाच वेळी संसद सदस्य असू शकत नाही. हिलरी क्लिंटन परराष्ट्रमंत्री झाल्या तेव्हा त्यांना सिनेटचा राजीनामा द्यावा लागला. त्यामुळे आमदार सांभाळायला मंत्रिपदं वाटणं हा प्रकारच संभवत नाही. शिवाय प्रत्येक मंत्र्याला सिनेटच्या समितीसमोर बसून उलटतपासणी द्यावी लागते. उलट बाजूही सांगतो: अध्यक्ष स्वतः कधीच प्रश्नोत्तराच्या तासाला उभा राहत नाही.

आणि "थेट निवडून दिलेला" म्हणाल, तर तोही पूर्ण थेट नाही. लोकांच्या मतांतून राज्याराज्यांत निर्वाचक ठरतात आणि ते अध्यक्ष निवडतात. असे ५३८ निर्वाचक असतात, २७० मिळवायचे. २००० मध्ये अल गोर आणि २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात जास्त मतं पडली, पण अध्यक्ष दुसरे झाले. सिनेटमध्ये जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला दोन जागा आणि सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगलाही दोनच. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १ जागा आहे. अमेरिकी हिशेब लावला तर दोघांनाही दोन-दोन. गोवेकरांना हे न्याय्य वाटेल, आपल्याला पचेल का, ते ठरवा.

एवढं लांब न जाताही अध्यक्षीय पद्धतीची चव महाराष्ट्राने घेतली आहे. २०१६ च्या नगरपरिषद निवडणुकांत नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडले. २०२० मध्ये ती पद्धत रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. आमच्या तालुक्याच्या गावी नगराध्यक्ष एका पक्षाचा आला आणि नगरसेवकांचं बहुमत दुसऱ्याचं. मी गॅलरीत बसून सर्वसाधारण सभा बघायचो. विषयपत्रिकेवर जुन्या पेठेतली जलवाहिनी बदलण्याचा विषय असायचा आणि दर वेळी "विषय तहकूब" होऊन पुढच्या सभेला जायचा. नगराध्यक्षाला खाली खेचता येत नव्हतं, आणि नगरसेवकांना डावलून त्याला काही करता येत नव्हतं. पेठेतल्या बायका तोवर टँकरपुढे रांगेत. पण त्याच कारभारात एक ठेका नगरसेवकांनी दर जास्त म्हणून अडवला आणि फेरनिविदेत तो स्वस्तात गेला, हेही मी पाहिलं. वॉशिंग्टनमध्ये अब्जावधी डॉलरचं जे चालतं, तेच हे.

तेव्हा तुम्हाला भीती सरकार पडण्याची वाटत असेल, कोंडी झाली तरी चालेल पण मुदत पक्की हवी असेल, तर अमेरिकेची पद्धत तुमची. चुकणाऱ्या सरकारला मुदतीआधी घरी पाठवण्याचा हक्क मोलाचा वाटत असेल, तर आपली. मी आपल्या पद्धतीच्या बाजूला आहे. संविधानाची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येत नाही, हे केशवानंद भारती खटल्यात १९७३ मध्येच ठरलं आहे, आणि एवढा मोठा बदल त्या कसोटीवर घासला गेल्याशिवाय राहणार नाही.

अमेरिकेतून मला अध्यक्ष आणायचा नाही, तो खाली वळलेला अंगठा आणायचा आहे. त्यासाठी संविधान नव्याने लिहायची गरज नाही. व्हिप मोडल्याची अपात्रता विश्वास-अविश्वासाचे ठराव, अर्थविषयक विधेयकं आणि राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरचं मतदान एवढ्यापुरतीच ठेवा, बाकी विधेयकांवर सदस्याला आपल्या मनाने मत देऊ द्या, अशी शिफारस दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच केली होती. दहाव्या परिशिष्टात ती अजून उतरलेली नाही.