एमएक्स-५ ला टर्बो बसवायचा की एनए इंजिनच ठेवून ट्यून करायची?

इंग्लंडात आलेल्या आपल्या गाडीवेड्या पोरांमध्ये हा विषय हमखास निघतो. सेकंडहँड माझदा एमएक्स-५ (दोन सीटची, टप उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार) घेऊन झाली, एक उन्हाळा टप उघडून हिंडून झालं, वळणांवर गाडी काय चालते हे सगळ्यांना सांगून झालं, आणि मग एक दिवस मोटरवेवर कुठली तरी डिझेल गोल्फ आरामात मागे टाकून जाते आणि डोक्यात किडा वळवळायला लागतो. टर्बो लावू की एनए ट्यूनिंग करू? (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंप; एनए म्हणजे टर्बो-सुपरचार्जर काही नाही, इंजिन स्वतःच्या दमावर जेवढी हवा ओढेल तेवढीच.) मी इथे मुख्यतः मार्क २.५, म्हणजे दुसऱ्या पिढीची सुधारित, २००१ ते २००५ ची १.८ लिटर धरून बोलतोय, बजेटमध्ये बहुतेकांना तीच मिळते. मार्क १ वाल्यांनाही बरंचसं लागू होतं, मार्क ४ चा हिशोब थोडा वेगळा आहे, तो पुढे येतोच.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे कुणाला शेवटपर्यंत वाचायचं नसेल तर सुटका. या इंजिनावर अर्धवट एनए ट्यूनिंग हा सगळ्यात वाईट सौदा. एकतर इंजिनाला हात लावू नका आणि पैसे टायर-सस्पेन्शनवर घाला, नाहीतर सरळ छोटा टर्बो, कमी बूस्ट (म्हणजे टर्बो हवेवर देतो तो जास्तीचा दाब). मधलं जे काही आहे ना, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदला, मॅनिफोल्ड बदला, एअर फिल्टर बदला, त्यात पैसा जातो आणि गाडी फक्त ओरडायला लागते.

का ते आकड्यात बघू, फार अवघड नाहीये. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, बस. आणि टॉर्क हा शेवटी सिलेंडरमध्ये किती हवा गेली यावर. एनए इंजिनात वातावरणाच्या दाबापेक्षा जास्त हवा जाणार कुठून, त्यामुळे लिटरमागे १०० एनएम टॉर्क मिळाला तरी इंजिन चांगलं म्हणायचं. या १.८ ला कंपनीतूनच १६८ एनएम आहे. म्हणजे वर जागाच फार उरलेली नाही. समजा चांगला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, थोडं हेडचं काम, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर नीट मॅप करून १७० एनएम ७,००० आरपीएमपर्यंत टिकवला, तर हिशोबाने १६७ बीएचपी येतात. स्टॉक १४५ च्या आसपास. वीसेक बीएचपीसाठी एवढा खटाटोप. आणि २०० पाहिजेत तर? १८० एनएम ८,००० आरपीएमला काढावा लागतो, म्हणजे हाय कॉम्प्रेशन पिस्टन, गरम कॅम, व्हॉल्व्ह स्प्रिंग, प्रत्येक सिलेंडरला वेगळी थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणारी झडप), स्टँडअलोन ईसीयू, आणि एवढे आरपीएम सोसेल असा इंजिनाचा खालचा अर्धा भाग. तेवढ्या पैशात दुसरी एमएक्स-५ येते आणि वर सुट्टीला भारतात जाऊन येता येतं.

आता टर्बो. अर्धा बार बूस्ट, म्हणजे सातेक पीएसआय, फार नाही. हवा दीडपट दाबली म्हणजे कागदावर पॉवर पण दीडपट, १४५ चे २१५. प्रत्यक्षात तेवढे येत नाहीत कारण हवा दाबली की तापते. बाहेर २० डिग्री असताना टर्बोतून निघणारी हवा सहज ७० पर्यंत जाते, आणि गरम हवा विरळ असते शिवाय इंजिन नॉक करायला लागतं (पेट्रोल भलत्या वेळी आपोआप पेटतं), म्हणून पुढे इंटरकूलर, म्हणजे ती हवा थंड करणारा रेडिएटर. एवढं सगळं धरून २०० च्या अलीकडे-पलीकडे बीएचपी मिळतात आणि इंजिन उघडावंही लागत नाही. गाडीचं वजन ११०० किलोच्या आत. ही गाडी मग खरंच पळते, चेष्टा नाही.

मुळात हे इंजिन टर्बोच्याच खानदानातलं आहे हे फार लोकांना माहीत नसतं. माझदा ३२३ फोर व्हील ड्राइव्ह नावाची रॅली गाडी होती, १९८७ ची स्वीडिश रॅली टिमो सालोनेनने त्याच गाडीने जिंकली, तिच्यातलं १.६ टर्बो आणि मार्क १ मधलं १.६ एकाच घराण्यातले. त्यामुळे ब्लॉक दणकट आहे. फक्त ३२३ मध्ये इंजिन आडवं होतं, एमएक्स-५ मध्ये उभं बसवलं आणि कूलंट बाहेर पडायची वाट पुढच्या बाजूला नेली. परिणाम असा की पाणी पुढूनच आत आणि पुढूनच बाहेर, मागच्या चार नंबरच्या सिलेंडरला थंडावा कमी मिळतो. स्टॉक गाडीत हे खपून जातं, टर्बो लावून ट्रॅकवर तुडवलीत की खपत नाही. म्हणून टर्बोवाले कूलंट रीरूट करतात, पाणी मागून बाहेर काढतात. कुणी तुम्हाला किट विकताना याबद्दल अवाक्षर काढत नसेल तर त्याला विचारा, आणि तोंड बघत बसला तर निघा तिथून.

चालवायला काय फरक पडतो हा खरा मुद्दा आहे, आणि इथे एनएवाल्यांची बाजू भक्कम आहे. एमएक्स-५ ची मजा पॉवरमध्ये नव्हतीच कधी. पाय जेवढा दाबाल तेवढीच आणि त्याच क्षणी ओढ, वळणाच्या मध्यावर जरासा पाय उचलला की नाक आत येतं, परत दिला की मागची बाजू बसते, हे सगळं पायाच्या अंगठ्याने चालतं. टर्बोमध्ये पाय आणि चाक यांच्यामध्ये एक तिसरा माणूस येऊन बसतो. भारतात १.३ डिझेलची स्विफ्ट ज्यांनी चालवलीय त्यांना वेगळं सांगायला नको, दोन हजारापर्यंत झोपलेली आणि मग एकदम अंगात आल्यासारखी. छोटा टर्बो घेतला तर पेट्रोलमध्ये इतका वाईट लॅग (बूस्ट यायला लागणारा उशीर) नसतो, तीन हजारच्या आसपास पूर्ण बूस्ट येतो, रस्त्यावर तर उलट बरंच वाटतं कारण सारखं गिअर खाली टाकावं लागत नाही. पण ओल्या रस्त्यावर, वळणातून निघताना, तो बूस्ट नेमका कधी येणार याचा अंदाज डोक्यात ठेवून चालवावं लागतं. इंग्लंडात रस्ता ओला असणं म्हणजे रोजचंच. लोक मोठा टर्बो लावून डायनोच्या (पॉवर मोजायच्या यंत्राच्या) कागदावरचा आकडा दाखवत फिरतात आणि मग लिंकनशरच्या कॅडवेल पार्कसारख्या अरुंद, वर-खाली ट्रॅकवर साध्या स्टॉक गाड्या त्यांना वळणावळणाला गाठतात. स्नेटर्टनला मात्र लांब सरळ पट्टा आहे, तिथे टर्बोवाला हसतो. तुम्ही कुठे जाणार आहात त्यावर बघा.

एनए ठेवून पिकअप वाढवायचा सगळ्यात शहाणा उपाय इंजिनात नाहीच, मागे डिफरन्शियलमध्ये आहे. ज्या गाडीत ३.९ चा फायनल ड्राइव्ह (डिफरन्शियलमधल्या गिअरचं गुणोत्तर) आहे तिथे ४.३ चा घातला तर प्रत्येक गिअरमध्ये चाकावर १० टक्के जास्त ओढ मिळते. मोटरवेवर आरपीएम चढे राहतात, आवाज वाढतो, पेट्रोल थोडं जास्त पिते, पण वळणाच्या रस्त्यावर गाडी अगदी टवटवीत होते. याच्यावर कुणी बोलत नाही कारण बोनेट उघडून दाखवता येत नाही ना.

थ्रॉटल बॉडींचा आवाज मात्र वेड लावतो, हे मान्य. चार स्वतंत्र तोंडं एकदम श्वास घेतात, टप उघडा असतो, तो आवाज टर्बोला जन्मात जमणार नाही. पण तोच आवाज ट्रॅक डेला (आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवशी) नडतो. इथे बहुतेक ट्रॅकवर सकाळी सायलेन्सरजवळ मीटर धरून आवाज मोजतात आणि दिवसभर ट्रॅकच्या कडेलाही मोजत राहतात, शेजारच्या गावांची तक्रार असते म्हणून. गुडवुड तर याबाबत भलतंच कडक. सायलेन्सर बदलून मागचा आवाज कमी होईल, पुढून येणाऱ्या त्या गर्जनेचं काय करणार? टर्बो हा आपोआपच अर्धा सायलेन्सर असतो, टर्बोवाल्यांना हा त्रास कमी. शिवाय गरम कॅम लावले की आयडलला पेट्रोल नीट जळत नाही आणि गाडी दरवर्षीच्या एमओटीत (सरकारी वाहन तपासणीत) एमिशनला अडकते. टर्बो गाडी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट, नीट मॅप केलेली असेल तर मुकाट पास होते.

टर्बोत तुटतं काय, तेही सांगायला हवं. स्टॉक कनेक्टिंग रॉड हे या इंजिनाचं दुखणं, ३०० एनएमच्या आसपास गेलात की रॉड वाकायची भीती सुरू. त्यामुळे बूस्ट कमी, आणि कमी आरपीएमला टॉर्कचा डोंगर उभा राहणार नाही असा मॅप. मार्क २.५ चं कॉम्प्रेशन (सिलेंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १०:१ आहे, जुन्या मार्क १ च्या १.८ चं ९:१, म्हणजे बूस्ट सोसायला जुनी जास्त बरी, नवीनमध्ये स्पार्कच्या टायमिंगला चूक खपत नाही आणि पेट्रोल ९७-९९ ऑक्टेनचंच लागतं. क्लच जातोच, तो धरूनच चला. गिअरबॉक्समध्ये पाचवाल्यापेक्षा सहावाला मजबूत. मार्क १ च्या सुरुवातीच्या १.६ चं डिफरन्शियल बारीक आहे, त्यावर टर्बो म्हणजे डिफ पण बदला. मग ब्रेक, मग रेडिएटर. किटची किंमत आणि काम पूर्ण झाल्यावरची किंमत यात जो फरक असतो त्यानेच अर्धे प्रोजेक्ट गॅरेजात ताडपत्रीखाली पडून आहेत.

मार्क ४ बद्दल म्हणालो होतो. तिथे एकाच दुकानात दोन्ही पर्याय मिळतात त्यामुळे तुलना फार स्वच्छ होते. ब्रॅकलीची बीबीआर ही ट्यूनिंग कंपनी, जिने १९९० च्या सुमारास मार्क १ ला टर्बो लावून १५० बीएचपीची गाडी केली होती आणि ती चक्क माझदाच्या डीलरकडे वॉरंटीसकट मिळायची, तीच आज १६० पीएसच्या (पीएस म्हणजे जवळपास बीएचपीच) २.० मार्क ४ ला एनए ठेवून २०० बीएचपीपर्यंत नेते आणि टर्बो लावून २४८ पर्यंत. एनएवाल्यात टॉर्क फारसा हलत नाही, टर्बोत २०० चा ३२० एनएमच्या घरात जातो. म्हणजे नव्या इंजिनावर, ज्याचं कॉम्प्रेशन मुळातच १३:१ आहे, एनए ट्यूनिंगला अर्थ आहे, माझं वरचं मत तिथे मी रेटणार नाही. खुद्द माझदाने २०१८ मध्ये पॉवर वाढवायची ठरवली तेव्हा टर्बो न लावता पिस्टन-रॉड हलके केले, रेडलाइन ६,८०० वरून ७,५०० ला नेली आणि १८४ पीएस काढले. कंपनीने कौल कुठे दिला ते दिसतंच.

आणि ज्यांना हातच काळे करायचे नाहीत त्यांच्यासाठी एक पळवाट. हिरोशिमाला माझदाच्याच कारखान्यात मार्क ४ च्या सांगाड्यावर फियाट १२४ स्पायडर बनत होती, १.४ टर्बो, साधी १४० पीएस आणि तिचीच जास्त जोरदार आवृत्ती अबार्थ १७० पीएस. टॉर्क २४०-२५० एनएम म्हणून गिअरबॉक्ससुद्धा मार्क ४ चा न घेता आधीच्या मार्क ३ चा घेतला. (पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या अबार्थ पुंतोत याच इंजिनाचा भाऊबंद होता, १४५ बीएचपीचा, चालवली असेल कुणी तर चव माहीत असेल.) एकदा १२४ आणि एकदा २.० एमएक्स-५, एकाच दिवशी एकाच रस्त्यावर चालवून बघा. आकड्यात जवळजवळ आहेत, पण एकीला मधल्या आरपीएममध्येच सगळं सांगायचं असतं आणि दुसरी सहा हजारानंतर बोलायला लागते. कुठली आवडते ते दहा मिनिटांत कळतं, आणि स्वतःची गाडी उघडायच्या आधी कळलेलं बरं.

मार्क २.५ वाल्यांनो, तुमचा क्रम असा लावा. आधी गाडी लिफ्टवर चढवून सिल आणि पुढच्या चॅसी रेल्स ठोकून बघा, इंग्लंडातल्या मिठाने या गाड्या तिथूनच सडतात आणि सडक्या गाडीला टर्बो म्हणजे पैसे गटारात. मग कम्प्रेशन टेस्ट. मग टायर, डॅम्पर, ब्रेक, आणि त्यावर एक हंगाम चालवा. एवढं झाल्यावरही ओढ कमीच वाटत असेल तर टर्बो, आणि किटचे पैसे भरायच्या आधी इन्शुरन्सवाल्याला फोन करा. इथे प्रत्येक बदल सांगावा लागतो, लपवलात आणि ठोकलीत तर क्लेम नाकारू शकतात. टर्बो म्हटलं की नेहमीच्या कंपन्या सरळ नाही म्हणतात, मॉडिफाइड गाड्यांचे वेगळे ब्रोकर आहेत त्यांच्याकडे जावं लागतं, आणि पंचविशीच्या आतल्या पोरांना प्रीमियमचा आकडा ऐकून फायनल ड्राइव्ह एकदम आवडायला लागतो.