ट्रिपर की ट्रिपर डॅश?

रॉयल एनफिल्डने २०२० मध्ये मीटिअर ३५० या मोटारसायकलसोबत आणलेला ट्रिपर हा छोटा गोल पडदा गूगल मॅप्सच्या आधारे केवळ वळणाचा बाण आणि अंतर दाखवतो. २०२३ च्या हिमालयन ४५० वरील ४ इंची ट्रिपर डॅश मात्र वेग आणि इंधनाबरोबर संपूर्ण नकाशाच समोर मांडतो. अनोळखी घाटात पुढचा रस्ता कसा वळतो हे आधीच दिसणे मोलाचे असले, तरी त्यासाठी फोन ब्लूटूथबरोबर वाय-फायनेही जोडावा लागत असल्याने त्याची बॅटरी लवकर उतरते आणि चार्जिंगची सोय करावीच लागते. रोजच्या ठरलेल्या वाटेवर बाण पुरेसा आहे (खरे तर तोही लागत नाही). लांबच्या भटकंतीसाठी मी डॅशच निवडेन. मार्ग मात्र दोन्हींत फोनमधील अ‍ॅपवरच ठरवावा लागतो.