स्नोड्रॉप लावायचेत: सुके कंद घ्यावेत की पानांसकट रोपं?

निशिगंधाचे कंद काढायचे, महिनाभर सुकवायचे आणि मग लावायचे, ही आपली सवय. इंग्लंडमध्ये बाग हाती आली तेव्हा त्याच सवयीनं मी सप्टेंबरात जाळीच्या पिशवीतले स्नोड्रॉपचे, म्हणजे हिवाळा सरताना फुलणाऱ्या छोट्या पांढऱ्या फुलाचे, कंद उचलले. पंचवीस लावले, फेब्रुवारीत सात उगवले. उरलेल्यांतला एक उकरून पाहिला तर बोटांत भुगा झाला. हा कंद सुपारीहूनही लहान आणि वरची साल पातळ, त्यामुळे दुकानाच्या उबेत तो लवकर वाळतो. स्वस्त असतो हे खरं, पण घ्यायचाच तर माल येताच घ्या, दाबून टणक लागतो का बघा आणि त्याच दिवशी आठ-दहा सेंटिमीटर खोल पुरा.

दुसरा पर्याय, ज्याला इथले माळी ‘इन द ग्रीन’ म्हणतात. फुलं सरत आली की फेब्रुवारी-मार्चमध्ये हिरव्या पानांसकट उपटलेली रोपं मेथीच्या जुडीसारखी बांधून मिळतात. महाग पडतात, मुळं दुखावल्यामुळे पुढच्या वर्षी फुलं कमी येऊ शकतात, पण जगतात. किती खोल लावायचं तेही रोपच सांगतं: देठाचा पांढरा भाग संपून हिरवा सुरू होतो तिथपर्यंत माती. नेहमीच्या स्नोड्रॉपसाठी, म्हणजे गॅलँथस निवालिस या जातीसाठी, मी डोळे झाकून हेच सांगेन.

जागा उन्हाची, थोडी कोरडी असेल तर मात्र मूळचा तुर्कस्तान-बाल्कनकडचा गॅलँथस एल्वेसी, ही स्नोड्रॉपचीच दुसरी जात, बघा. पानं रुंद, राखाडी झाक असलेली, फूल मोठं. सुकणं तो जास्त सोसतो, म्हणून त्याचे सुके कंद चालतात. निवालिसला पानगळीच्या झाडाखालची ओलसर, पालापाचोळ्याची माती हवी.

जानेवारीत कुंडीत फुललेलेही मिळतात. सगळ्यांत महाग, पण दोन-तीनच हवे असतील तर उत्तम.

पुण्या-मुंबईत विचारणाऱ्यांनी नाद सोडावा. याला खरी थंडी लागते. त्याच कुळातली रेन लिली लावा, पावसाळ्यात मन भरेल. घरात लहान मुलं असतील तर लक्ष असू द्या, कंद छोट्या कांद्यासारखा दिसतो आणि विषारी आहे.

पानं पिवळी पडेपर्यंत कापू नका. तीन-चार वर्षांनी झुबका दाटला की फुलं सरल्यावर उकरून हातानं सोडवा आणि वाटा. माझी पहिली जगलेली जुडी शेजारच्या आजींनी कुंपणावरून अशीच दिली होती, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून.