कंपन मोजणाऱ्या मेम्स सेन्सरसाठी एलटी३०४२ रेग्युलेटर: आठ महिन्यांचा अनुभव

मोटरच्या बेअरिंगचं कंपन मोजणारे चार बोर्ड मी बनवले. आठ महिने ते मशीनवरच आहेत. सेन्सर एडीएक्सएल१००२, म्हणजे ॲनालॉग आउटपुटचा मेम्स ॲक्सेलरोमीटर (सिलिकॉनवरच्या सूक्ष्म यंत्ररचनेने त्वरण मोजणारी चिप). बक कन्व्हर्टर (स्विचिंगने व्होल्टेज उतरवणारा) १२ व्होल्टचे ६ करतो आणि पुढे एलटी३०४२ हा लिनिअर रेग्युलेटर स्वच्छ ५ व्होल्ट देतो.

एवढा चांगला रेग्युलेटर कशाला, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. हा सेन्सर रेशोमेट्रिक आहे, म्हणजे त्याचं आउटपुट सप्लायच्या प्रमाणात बदलतं. कंपन शून्य असताना आउटपुट सप्लायच्या निम्म्यावर उभं असतं. सप्लाय १० मायक्रोव्होल्ट हलला की आउटपुट ५ मायक्रोव्होल्ट हलणार, मोटर बंद असली तरी. सेन्सरचा स्वतःचा नॉइज २५ मायक्रो-जी (जी म्हणजे गुरुत्वत्वरण) प्रति रूट हर्ट्झ आणि सेन्सिटिव्हिटी ४० मिलिव्होल्ट प्रति जी, म्हणजे आउटपुटवर १ मायक्रोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ. खरं सांगायचं तर काही किलोहर्ट्झच्या पट्ट्यात साधा एलडीओ (लिनिअर रेग्युलेटरच) सुद्धा या आकड्याच्या खालीच राहतो. अडचण होते ती अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीला, जिथे साध्या रेग्युलेटरचा फ्लिकर नॉइज चढत जातो, आणि बकच्या रिपलमुळे, म्हणजे त्याच्या स्विचिंगमुळे सप्लायवर उरणाऱ्या लहरींमुळे. सेन्सरच्या आत त्याचा क्लॉक चालू असतो. रिपल त्या क्लॉकच्या पटीजवळ पडला की दोन्ही फ्रिक्वेन्सींतला फरक खालच्या फ्रिक्वेन्सीला उतरतो आणि स्पेक्ट्रममध्ये खोटी रेघ उभी राहते. तापमान बदललं की ती सरकते, म्हणून आधी ती बेअरिंगचीच वाटते.

एलटी३०४२ च्या डेटाशीटवर दोन आकडे ठळक आहेत: १० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झमध्ये ०.८ मायक्रोव्होल्ट नॉइज आणि १ मेगाहर्ट्झला ७९ डेसिबल पीएसआरआर (इनपुटवरचा रिपल दाबण्याची क्षमता). लोक पहिला आकडा बघून हा भाग घेतात. माझ्या कामात दुसरा जास्त उपयोगी पडला.

तो ७९ डेसिबल बोर्डावर मिळवणं हे मात्र लेआउटचं काम आहे. सवयीने मी रेग्युलेटरच्या इनपुटला चिकटून सिरॅमिक कपॅसिटर दिला होता. बकचा रिपल करंट त्यातूनच वाहू लागला आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या आउटपुट लूपमध्ये शिरलं. बकचा आउटपुट कपॅसिटर जवळच होता, म्हणून हा काढून टाकला. रिपल लगेच उतरला. डेटाशीटमध्ये हे लिहिलेलं आहे. मी तो भाग नंतर वाचला.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते आउटपुट व्होल्टेज ठरवणाऱ्या सेट पिनवरच्या कपॅसिटरने. या पिनमधून १०० मायक्रोअँपिअर बाहेर येतात, ४९.९ किलोओहम लावले की ५ व्होल्ट होतात, आणि नॉइज दाबायला समांतर ४.७ मायक्रोफॅरड. मी एक्स७आर जातीचा सिरॅमिक कपॅसिटर लावला होता. टेबलावर सगळं उत्तम. मोटरवर बसवल्यावर, १४४० आरपीएमला, सप्लायवर बरोबर २४ हर्ट्झची रेघ दिसली. एक्स७आर पिझोइलेक्ट्रिक असतो. हादरला की व्होल्टेज तयार करतो, आणि सेट पिनवर जे येतं ते जसंच्या तसं आउटपुटला जातं. कुंपणानेच शेत खाल्लं. जे मोजायचं त्याच फ्रिक्वेन्सीची चूक असल्यामुळे ती कुठल्याही फिल्टरने वेगळी काढता येत नाही. खात्रीसाठी पेन्सिलीच्या टोकाने कपॅसिटरवर हलकेच टकटक केली, प्रत्येक ठोका आउटपुटवर उमटला.

आता दोन बोर्डांवर फिल्म आणि दोनांवर टँटॅलम आहे. फिल्म जागा बरीच खातो. टँटॅलमची गळती १०० मायक्रोअँपिअरमधूनच वजा होते: ०.२ मायक्रोअँपिअर गळाले की आउटपुट १० मिलिव्होल्टने खाली. माझ्या एडीसीचा (ॲनालॉग व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या चिपचा) रेफरन्स याच ५ व्होल्टवर असल्याने ही हळू सरक दोन्हीकडे सारखी येते आणि कटते. रेफरन्स वेगळा असेल तर फिल्मच लावा.

सुरू व्हायला लागणारा वेळ हा छोटा मुद्दा. वरच्या किमतींना ५ व्होल्ट स्थिर व्हायला सेकंदभर जातो. पीजीएफबी पिनला (आउटपुट तयार झालं का हे बघणारी पिन) दोन रेझिस्टर दिले की २ मिलिअँपिअरने कपॅसिटर भरला जातो आणि काम साधारण १२ मिलिसेकंदांत होतं.

बॅटरीवरच्या उपकरणासाठी मी हा सुचवणार नाही. सेन्सर १ मिलिअँपिअर घेतो आणि रेग्युलेटर स्वतःसाठीच साधारण दुप्पट.

आणि नुसत्या ऑसिलोस्कोपवर याचा नॉइज बघायला जाऊ नका, दिसतो तो स्कोपचाच. मी बॅटरीवर चालणारा हजारपट प्रीॲम्प बंद पत्र्याच्या डब्यात ठेवून मोजतो, तेव्हा ०.८ मायक्रोव्होल्टचे ०.८ मिलिव्होल्ट होतात. दर दोन महिन्यांनी मोटर चालू ठेवून एकदा आणि बंद ठेवून एकदा असं मोजतो. फिल्मच्या दोन्ही बोर्डांवर गेल्या तिन्ही वेळा दोन्ही आलेख एकमेकांवर बसले.