बेळगावच्या टिळकवाडीतलं झेरॉक्सचं दुकान: पीडीएफ हलकी करायची तर इथंच
आजोबांच्या जमिनीचे जुने कागद, निम्मे मराठी निम्मे कन्नड, पुण्यातल्या काकांना मोबाईलवर बघायचे होते पण दुसरीकडनं ६०० डीपीआय (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) कलर स्कॅन केलेली फाईल इतकी जड की उघडतच नव्हती. इथल्या पोरानं ३०० वर आणली, म्हणजे पिक्सेल (ठिपके) आडवे-उभे दोन्हीकडनं निम्मे होऊन एकदम पाव झाले बघा, टाईप केलेली पानं सरळ ब्लॅक अँड व्हाईट केली आणि शिक्क्याची तेवढी कलर ठेवली, नाहीतर जांभळा शिक्का सहीवर काळा गोळा होऊन बसतो. कन्नड जोडाक्षरं झूम करून दाखवली, कुठं फुटली नव्हती. जेपीईजी (चित्र दाबून लहान करायची पद्धत) लई दाबलं की अक्षरांभोवती धुरळा उठतो, ते इथं नाही. गर्दी मात्र वैताग आणते. आणि मूळ मोठी फाईल पेनड्राईव्हवर मागून घ्या, आपणहून देत नाहीत.