देहदानाची सेवा : सोलापुरातील आमचा अनुभव

गेल्या मे महिन्यात आम्ही वडिलांचा देह सोलापुरातील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे सुपूर्त केला. तेथील व्यवस्था कशी आहे, असे ओळखीची मंडळी विचारतात, म्हणून लिहीत आहे.

वडिलांची सारी हयात यंत्रमागावर गेली, त्यामुळे घरातून निघताना आईने त्यांच्या अंगावर सोलापुरी चादर घातली होती. विभागातील कर्मचाऱ्याने ती अलगद काढली, काठाला काठ जुळवून घडी घातली आणि दोन्ही हातांनी आईकडे दिली. मला त्या वेळी ब्रिटनमधील प्रेतचोर आठवले. तेथील कायद्यात मृतदेह ही कोणाचीच मालमत्ता नव्हती, कफन मात्र होते. म्हणून ते चोर रात्री थडगे उकरून देह उचलत आणि अंगावरचे कपडे पुन्हा पेटीत टाकून जात. विच्छेदनासाठी कायद्याने फक्त फाशी गेलेल्यांचे देह मिळत आणि ते विद्यार्थ्यांना पुरत नसत, म्हणून हा धंदा चालला. एडिनबरोत तर बर्क आणि हेअर या दोघांनी १८२८ च्या सुमारास वर्षभरात १६ जणांचे प्राण घेऊन त्यांचे देह डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या विच्छेदनगृहाला विकले. १८३२ च्या कायद्याने ही चोरी आटोक्यात आली खरी, परंतु त्यानंतर विच्छेदनाच्या टेबलावर येऊ लागले ते गरिबांसाठीच्या आश्रयगृहांत मरण पावलेल्या बेवारस माणसांचे देह. हे वाचलेले असल्यामुळे, येथील डॉक्टरांनी संमतीपत्रातील ओळ न् ओळ आईला वाचून दाखवली आणि तिचा होकार आल्यावरच सही घेतली, याचे मोल मला फार वाटते. मिळालेल्या पावतीवर वडिलांचे संपूर्ण नाव होते.

उणीव एकच, पण ती दूर व्हायला हवी. विभाग कोठे आहे हे प्रवेशद्वारावरील कोणालाच ठाऊक नव्हते. आम्हाला आधी अपघात विभागात पाठवले गेले आणि शववाहिका अर्धा तास भर उन्हात उभी राहिली. एक फलक लावला तरी हे टळेल.

जाण्यापूर्वी विभागाला दूरध्वनी करावा, डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला आणि मृत व्यक्ती व संमती देणारे नातेवाईक या दोघांचीही आधारकार्डे सोबत ठेवावीत आणि उन्हाळ्यात शक्य तितक्या लवकर पोहोचावे. नेत्रदान करायचे असल्यास तेही आधीच सांगावे; वडिलांचे नेत्रदान घरीच झाले होते.